आक्काच्या पत्राचे पाच प्रश्न

पाडव्याच्या सकाळी रावजींच्या ओटीवर नऊ पोरं मांडी घालून बसली होती आणि ओटीच्या मालकाला पाय पसरायला जागा उरली नव्हती. दिवाळीची सुट्टी लागून आठवडा झाला, तरी सूनबाईंची शाळा काही सुटलेली नव्हती. तेजश्री पोलादपूरकडच्या एका वाडीतल्या प्राथमिक शाळेत शिकवायची. वर्षभर रोज स्कूटीवरून आपलं गाव तुडील ते वाडी आणि वाडी ते तुडील. अशा बाईनं दिवाळीत चार दिवस करंज्या खाव्यात, दुपारी लवंडावं. हिनं गावातली पोरं गोळा केली, भिंतीला मोठा कागद चिकटवला आणि म्हणाली, "भाऊबीज येतेय ना, मग आपण भाऊबिजेचंच वाचू."

रावजी कोपऱ्यातल्या बाकावर बसून पेपर वाचत होते. पाडव्याला ताजा पेपर येत नाही, म्हणून कालचाच पुन्हा. खरं सांगायचं तर त्यांना ही वाचायची शिकवणी म्हणजे रिकामपणाचा उद्योग वाटायचा. अक्षरं आली की वाचता येतं, त्यात समजायचं ते काय शिकवायचं? पण ते बोलत नव्हते, कारण सून पगारदार होती आणि चहा वेळेवर करायची.

वाचनाचा त्यांना अभिमान होता आणि तो फुकटचा नव्हता. निम्मं गाव मुंबईच्या गिरण्यांत होतं तेव्हा इकडे आलेली पत्रं बायका पदराखाली धरून रावजींकडेच आणायच्या. रावजी प्रत्येक पत्र दोनदा वाचायचे, एकदा लिहिलंय तसं आणि एकदा उलगडून. 'माझी तब्येत बरी आहे' असं असलं तर ते अक्षराकडे बघून सांगायचे, "बरी नाय गो, हात थरथरलाय त्याचा. एकदा जाऊन ये." बायका जायच्या, आणि रावजींचं खरं निघायचं. लोकांच्या पत्रात एवढा जीव घालणारा माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

भिंतीवरच्या कागदावर तेजश्रीनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. 'गौतमीचा मामा भाऊबिजेला आला. वाटेत त्याला पाऊस लागला. त्याच्या खांद्यावर मोठा भोपळा होता. भोपळा बघून गौतमीची आई आधी हसली आणि मग रडली. ती म्हणाली, हा आपल्या आईनं लावलेल्या वेलाचा.'

"मामानं काय आणलं?" तेजश्रीनं विचारलं.

"साडी," शेजारचा किरण म्हणाला. तो उतारा सगळ्यांत भरभर त्यानंच वाचला होता.

"कुठं लिहिलंय? बोट ठेवून दाखव."

किरण कागदापाशी गेला, बोट फिरवत राहिला, आणि म्हणाला, "पण बाई, मामा साडीच आणतो."

"तुझा मामा आणतो. ह्या कागदातला मामा काय आणतो ते बघ. आपल्या डोक्यात आधीच असतं ते वाचायचं नाही, कागदावर असतं ते वाचायचं."

पोरं हसली. रावजींनी पेपर जरा वर धरला. उतारा त्यांनीही बाकावरून एका नजरेत वाचला होता, आणि त्यांच्याही मनात साडीच आली होती.

कागदाखाली पाच शब्द लिहिले होते. कोण, कोणाला, कुठे, केव्हा, का. तेजश्रीचे नियमही थोडकेच. पहिल्या ओळीत उत्तर सापडलंसं वाटलं तरी शेवटच्या ओळीपर्यंत जायचं. आणि उत्तर कागदात नसेल तर आपल्या मनचं घालायचं नाही, 'कागदात नाही' असं लिहायचं, तेही उत्तरच. आज पोरांना घरून एकेक कागद आणायला सांगितला होता, ज्यात मामा, आत्या, काका, कुणीतरी आपलं माणूस असेल असा. किरणनं काकाची लग्नपत्रिका आणली होती. 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' ह्या ओळीखाली त्याचं स्वतःचं नाव छापलेलं होतं आणि ते सोडून तो पुढं जायला तयार नव्हता.

एवढ्यात रावजींचा धाकटा भाऊ महादू पाडव्याचा नारळ घेऊन आला. तो मधल्या भिंतीपलीकडेच राहायचा, महाडला रिक्षा चालवायचा. पोरांची गर्दी बघून पायरीवरच टेकला. आत रावजींची बायको अंबूबाई अनारसे तळत होती. तिचा कान ओटीवर होता.

"आता दिशा," तेजश्री म्हणाली.

दिशा म्हणजे तेजश्रीची तिसरीतली पोर, रावजींची एकुलती नात. तिनं फ्रॉकच्या खिशातून चौघडी घातलेला वहीचा कागद काढला. "दाराआडच्या जुन्या पंचांगात होता. ह्यात आबांचं नाव आहे."

रावजींनी पेपर खाली केला तोवर ती वाचायलाही लागली होती.

"'रावजीस आक्काचा आशीर्वाद. ह्या भाऊबिजेला तू उमरठला येऊ नकोस.'"

आत झाऱ्याचा आवाज थांबला.

आक्का म्हणजे बयाबाई, रावजींची थोरली बहीण, उमरठला काशीरामाच्या घरात दिलेली. ह्या घरात तीन वर्षं तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. वडिलांची जमीन दोघा भावांच्या नावावर करायची तर बहिणीनं हक्क सोडल्याचा कागद लागतो, त्यावर तिचा अंगठा लागतो. तो घेऊन रावजी आणि महादू उमरठला गेले, तर आक्का म्हणाली, "जरा विचार करते." महादू परतीच्या वाटेवर म्हणाला, "विचार म्हंजे हिस्सा." रावजींना ते झोंबलं. त्यांनी तिचे फोन घेणं सोडलं. त्यात गणपतीत छातीत दुखून दोन दिवस दवाखान्यात काढले, त्याचाही राग तिच्यावरच गेला. आणि मग दिवाळीच्या तोंडावर हे पत्र आलं. भाऊबिजेला येऊ नकोस. बहिणीनं भावाला दार बंद केलं, ह्यावर वाचण्यासारखं काही उरलं नाही असं रावजींना वाटलं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि पंचांगात सारली.

"दिशा, ठेव तो कागद," ते म्हणाले.

"पण आबा, पहिलीच ओळ झालीय. आई म्हणते शेवटपर्यंत जायचं."

तेजश्रीनं सासऱ्यांकडे बघितलं. दुराव्याचं तिला ठाऊक होतं, ह्या पत्राचं नव्हतं. ती पुढं होऊन कागद घेणार होती. पण नऊ पोरं दिशाकडे बघत होती आणि पोरांसमोर नियम मोडायचा तर कारण सांगावं लागलं असतं. रावजींनाही कारण सांगता येईना. दिशानं त्या गप्प बसण्याचा अर्थ हो असा लावला.

"'पावसात वरचा रस्ता खचला, तो अजून तसाच आहे. गाडी खालीच थांबते आणि पुढं दीड तास चढण आहे. तुझ्या छातीत दुखून गेल्याचं विनीतनं साहिलला सांगितलं. तुला चढ नको. मीच येते.'"

विनीत म्हणजे रावजींचा मुलगा, तेजश्रीचा नवरा, आणि साहिल हा आक्काचा नातू. त्या दोघांचं फोनवर बोलणं चालू होतं, हेही ह्या घरात कुणी उघड बोलत नव्हतं.  दिशा बोटानं ओळ धरून वाचत होती, जरा अडखळत, पण एकही शब्द न सोडता.

"'भाऊबिजेला सकाळची गाडी धरून दहाला महाडच्या स्टँडवर उतरते. पुढची गाडी मला कळत नाही, पाट्या वाचता येत नाहीत. कुणाला तरी घ्यायला पाठव. मी चौकशीच्या खिडकीजवळ बसते. अंगठ्याचं म्हणशील तर मी नाही म्हटलं नव्हतं. कचेरीत परक्यांसमोर नको, एवढंच मनात होतं. आईची चूल होती तिथं बसून देईन.'"

पान संपलं. दिशानं शिस्तीत पोरांना प्रश्न घातले. पत्र कोणाचं? आक्काचं. कोणाला? आबांना. कुठे येणार? महाडच्या स्टँडवर, चौकशीच्या खिडकीजवळ. केव्हा? भाऊबिजेला, दहाला. आबांनी उमरठला का जायचं नाही? त्यांच्या छातीत दुखतं आणि चढ आहे म्हणून. नऊ पोरांपैकी एकही चुकलं नाही.

"मग घ्यायला कोण गेलं?" किरणनं विचारलं.

दिशानं पान वरपासून खालपर्यंत पुन्हा बघितलं. "कागदात नाही," ती म्हणाली आणि वहीत तसं लिहून टाकलं.

तेजश्रीनं पोरांच्या हातावर एकेक अनारसा ठेवून त्यांना घरी पाठवलं.

ओटी रिकामी झाली, तरी रावजी पाय पसरेनात. अंबूबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पहिला बोलला तो महादू, आणि तोही पायरीकडे बघत.

"दादा, मी तिला बघितली व्हती."

"कुठं?"

"स्टँडवर. त्या भाऊबिजेला. एकच्या सुमारास भाडं सोडाया गेलो तवा खिडकीजवळ बसली व्हती. ताट फडक्यात बांधलेलं मांडीवर. मला वाटलं, तू बोलावलं नाय, तिची ती आलीय. तू रागात व्हतास. मी रिक्षा वळवली."

"मग?"

"तीनला परत गेलो तवा पण तिथंच व्हती."

रावजींना वाटलं आपण पुन्हा दवाखान्यात जाणार. पण छातीत दुखत नव्हतं, फक्त लाज वाटत होती, आणि इतकी लाज त्यांना उभ्या जन्मात वाटलेली नव्हती. सगळ्या गावाच्या बायकांना पत्र उलगडून सांगणारा हा शहाणा स्वतःच्या बहिणीच्या पत्राची एक ओळ वाचून थांबला, आणि ती म्हातारी पाच तास परक्या गावात बसून राहिली. तीन भाऊबिजा गेल्या. तिनं त्याला निर्दय म्हटलं असेल, आणि तो इकडे तिला तेच म्हणत बसला होता.

"आता उद्या भाऊबीज हाय," अंबूबाई म्हणाली. नणंद-भावजयीचं कधी वाकडं नव्हतं, नवऱ्याच्या रागाखातर ती गप्प राहिली होती. "आक्कांना आणा. झालं गेलं राहू दे."

"आणू कसा? काय सांगू तिला?"

"सांगा, पत्र पोचलंच नाय म्हणून."

महादूनं मान वर केली. त्याला ते एकदम पटलं. "व्हय दादा. पत्र पोचलंच नाय. तिला बी बरं वाटंल आनि तुझा बी मान ऱ्हाईल. कोण बघाया येतंय?"

रावजी विचारात पडले. खोटं तसं लहान होतं आणि त्यात कुणाचं नुकसान नव्हतं. आक्का रागावली असेल ती शांत होईल, एवढंच. त्यांनी तेजश्रीकडे बघितलं, कारण ती अजून काही बोलली नव्हती.

"मी तुमच्या बहीणभावांच्यात बोलत नाही, आबा," ती म्हणाली. "पण कागदाची मागची बाजू वाचायची राहिलीय."

तिनं कागद त्यांच्या हातात दिला. रावजींनी तो उलटा केला. मागं साहिलच्या त्या वेळच्या शाळकरी अक्षरात थोड्याच ओळी होत्या.

'तू शाळेत जायचास तेव्हा मी म्हशी राखायचे. बाबा म्हणाले होते, दोघांतलं एकच शिकेल. संध्याकाळी तू मला पाटीवर अक्षरं दाखवायचास, मला जमली नाहीत. हे साहिलला सांगून लिहून घेते आहे. तू वाचशील. तेवढ्यासाठीच तर राखल्या म्हशी.'

रावजींना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. अंबूबाई आत जाऊन पाणी घेऊन आली. महादू उठून अंगणात गेला आणि उगाचच रिक्षाची काच पुसत राहिला. भाताची कापणी अर्ध्यावर आली होती, पलीकडे खाचरात कुणीतरी गात होतं, आणि ओटीवर सदुसष्ट वर्षांचा माणूस नातीच्या वहीशेजारी बसून डोळे पुसत होता. आपल्याला वाचता येतं हे आपलं कर्तृत्व, असं ते आजवर धरून चालले होते. ते कुणीतरी रानात उन्हातान्हात उभं राहून दिलेलं होतं. त्याबद्दल आभार मानायचं राहूनच गेलं, आणि आभार राहोत, दिलेलं नीट वापरलंही नाही.

थोड्या वेळानं त्यांनी दिशाला हाक मारली. "वही घे. तुझ्या त्या पाच प्रश्नांची उत्तरं लिही. मी सांगतो."

दिशानं लिहिलं. कोण: रावजी. कोणाला: आक्काला. कुठे: महाडच्या स्टँडवर, चौकशीच्या खिडकीजवळ. केव्हा: उद्या भाऊबिजेला, सकाळी दहापासून. का, ह्या शब्दापाशी रावजी थांबले.

"लिही, ते समोर सांगेन."

तेजश्रीनं पानाचा फोटो काढून साहिलला पाठवला. त्यानं तो बघितल्याची खूण लगेच आली. उत्तर मात्र दिवेलागणीपर्यंत आलं नाही, आणि नंतरही नाही.

भाऊबिजेच्या दिवशी महाडच्या स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. माहेरी निघालेल्या बायका, त्यांची पोरं, फराळाच्या पिशव्या. रावजी धुतलेलं धोतर आणि टोपी घालून पावणेदहालाच चौकशीच्या खिडकीजवळच्या बाकावर बसले. शेजारी वही मांडीवर घेऊन दिशा. महादू रिक्षा बाहेर लावून खांबाला टेकून उभा होता. त्याला घरी थांब म्हटलं तरी त्यानं ऐकलं नव्हतं.

दहाची गाडी आली, तिच्यात आक्का नव्हती. अकराचीही रिकामीच गेली, म्हणजे माणसांनी भरलेली, पण रावजींच्या लेखी रिकामी. दर थोड्या वेळानं कुणीतरी विचारायचं, "आजोबा, कुठं जायचंय?" रावजी म्हणायचे, "कुठं नाय, बहीण यायचीय." हेच कुणी तिला विचारलं असेल तेव्हा ती काय म्हणाली असेल? भाऊ यायचाय, असंच म्हणाली असेल. दहाला म्हणाली असेल, बाराला म्हणाली असेल, आणि दोनच्या पुढं विचारणाऱ्याकडे बघायचंच सोडलं असेल. वरचा पंखा फिरत नव्हता. पत्र्याखाली उकडत होतं. एक म्हातारी दिशाला म्हणाली, "बाय, ही गाडी खेडला जाते काय गो?" दिशानं पाटी वाचून सांगितलं, "नाही आजी, ही माणगावला जाते." म्हातारीनं तिच्या गालावरून हात फिरवला. रावजींनी मान दुसरीकडे वळवली.

बाराची गाडीही गेली. महादू जवळ येऊन म्हणाला, "दादा, ती नाय येत."

"येईल नायतर नाय. मी बसतो."

"आली तर काय बोलायचं ते ठरलं ना?"

खरोखरच काही ठरलेलं नव्हतं. कागदाची मागची बाजू वाचून माणूस खरा होतो, पण चारचौघांत बहिणीच्या तोंडाकडे बघून सांगायची वेळ आली की पुन्हा वाकतो. 

दीडच्या गाडीतून आक्का उतरली.

कंडक्टरनं हात देऊन उतरवलं. पाठीत वाकली होती, नऊवारीचा काष्टा मात्र पूर्वीसारखाच कडक. काखेला पिशवी आणि हातात फडक्यात बांधलेलं ताट. तिनं इकडेतिकडे बघितलं नाही, सरळ चौकशीच्या खिडकीकडे चालत आली. तिला ती जागा पाठ होती.

रावजी उभे राहिले. तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"किती वेळ झाला?"

"दहापासून."

"साहिल सकाळपासून मागं लागला व्हता, आजी जा, आजी जा. म्हटलं, बसू दे त्याला जरा." ती बाकावर टेकली, ताट मांडीवर घेतलं. "वाळलास रे रावजी."

"बस गो आक्का, पाणी पी आधी."

ती पाणी प्यायली, तोंड पुसलं, आणि दिशाला जवळ ओढून घेतलं. मग समोरच्या गाड्यांकडे बघत म्हणाली, "पत्र मिळालं नसंल तुला. तीन वर्सं मी मनाला तेच सांगत आले. कुठंतरी गहाळ झालं असंल. माझा रावजी पत्र वाचून घरात बसनारा नाय. दर भाऊबिजेला अंगनात उभी राहून चंद्राला ओवाळलं. शेजारनी म्हनायच्या, भाऊ नसलेल्या बाया चंद्राला ओवाळतात, तुला तर दोन हायेत. म्हटलं, हायेत, पण लांब हायेत."

दार तिनं आपल्या हातानं उघडून दिलं होतं. आत पाऊल टाकायचं, एवढंच करायचं होतं. खांबापाशी उभ्या महादूनं रावजींना मानेनं खुणावलं, व्हय म्हण.

 रावजी नातीकडे वळले.

"दिशा, त्या पत्राखाली तू काय लिहिलंस? घ्यायला कोण गेलं, त्याचं?"

"'कागदात नाही.'"

"त्याच्याखाली अजून एक प्रश्न घाल. घ्यायला कुणी का गेलं नाही? आणि उत्तर लिही."

दिशानं पेन्सिल घेतली. रावजींनी सांगायला सुरुवात केली, आणि पोर सवयीप्रमाणं एकेक शब्द मोठ्यानं म्हणत लिहू लागली.

"'पत्र... मिळालं... होतं. आबांनी... पहिली ओळ... वाचली. पुढचं... वाचलं नाही.'"

स्टँडवरचा कर्णा कुठल्याशा गाडीचं नाव सांगत होता.  आक्काचे दोन्ही हात ताटावर होते.

"पहिलीच?" तिनं विचारलं.

"पहिलीच."

"आनि मागली बाजू?"

"काल. हिनं वाचायला घेतलं म्हणून. नायतर आजपण नाय." रावजी तिच्या ताटाकडे बघत म्हणाले, "तू म्हशी राखल्यास आक्का, आणि मी एवढंच शिकलो."

महादू पुढं आला. "आक्का, माझं पण ऐक. मी त्या दिवशी..."

"ठाऊक हाय," आक्का म्हणाली. "तुझी रिक्षा दोनदा गेली. मला पाट्या वाचता येत नाय रे महादू, पन भावाची पाठ वळखता येते. तुला मी कडेवर वागवलाय."

महादू तिच्या पायाशी खाली बसला, स्टँडच्या फरशीवर, इस्त्रीच्या पँटीसकट. आक्कानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. रागवायला ती आली असेल, तर तो राग तिला आता सापडत नव्हता. तीन वर्षं ज्या खोट्याचा तिनं आधार घेतला तो भावानं काढून घेतला होता. पण त्याच्या जागी आता भाऊ स्वतः उभा होता.

"कागद आनलास? अंगठ्याचा?" तिनं रावजींना विचारलं. "पत्रात कबूल केलंय मी."

"त्याचं नाव काढू नको. जमिनीवर तुझं नाव हाय तिथं ऱ्हाऊ दे." रावजींनी महादूकडे बघितलं. "काय रे?"

महादूनं खालूनच मान हलवली. "ऱ्हाऊ दे."

आक्कानं फडकं सोडलं. ताटात निरांजन, कुंकवाचा करंडा, सुपारी, अक्षता आणि पानात गुंडाळलेले दोन लाडू होते. वारा आला तशी दिशानं वही आडवी धरली आणि निरांजन लागलं. गाड्यांची वाट बघणाऱ्या बायका थांबून बघू लागल्या. खेडला जाणाऱ्या त्या म्हातारीनं पदर डोक्यावर घेतला. आक्कानं आधी रावजींना ओवाळलं, मग महादूला. रावजींनी अंबूबाईनं दिलेलं लुगडं तिच्या हातात ठेवलं आणि वाकून नमस्कार केला. त्यांना तिला पुष्कळ काही सांगायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "तुझ्यामुळं गो आक्का. जे काय थोडं वाचता येतंय ते तुझ्यामुळं."

"अर्धवट शिकवलं मी मग," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. "आता ही शिकवील तुला पुरतं."

महादूनं डोळे पुसले. "चला, रिक्षा लावतो. वहिनी वाट बघत आसंल."

"थांब," आक्का म्हणाली. "मी तीनपर्यंत बसले व्हते. याचा अजून तास बाकी हाय."

रावजी बाकावर बसले. आक्काही त्यांच्या शेजारी बसली, तशीच, टेकून. महादूनं चहा आणला. दिशानं लाडू फोडून चौघांत वाटला. दोघं बहीणभाऊ फारसं बोलली नाहीत. काशीरामाचे गुडघे, उमरठचा रस्ता आता झाला त्याचं, यंदाचं भात, एवढंच. पण बाकावर दोघांच्या मध्ये आता पिशवीही नव्हती.

तीनला फलाटावर गाडी लागली. दिशानं पाटी वाचली. "उमरठ. आक्काआजी, ही तुमची गाडी."

"जाऊ दे तिला," आक्का म्हणाली, आणि रावजींनी तिची पिशवी उचलली.